आत्याच्या दाखल्याचं वर्ष

बाबा गेले, त्यानंतरच्या थंडीत मी आत्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तेव्हा तिला साठावं लागलं होतं. तिला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. हे आम्हा घरच्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की याला काही सरकारी नाव असतं, याचा कागद निघतो, असं कधी मनातच आलं नव्हतं. लहानपणी मला तर बरीच वर्षं वाटायचं की प्रत्येक घरात हातांनी बोलणारं एक माणूस असतंच. आमच्याकडे आत्या आहे. शेजाऱ्यांकडे कोण आहे ते आपल्याला अजून दिसलेलं नाही, इतकंच.

आमची वाडी रेवदंड्याच्या थोडी अलीकडे. नारळी, पोफळी, मधून पाण्याचे पाट, आणि मागचं केवड्याचं बन ओलांडलं की समुद्र. बाबा शाळामास्तर होते. मी गावच्या वाचनालयात पुस्तकं सांभाळते. लग्न केलं नाही, आई आधीच गेलेली, त्यामुळे बाबांनंतर घरात आम्ही दोघीच उरलो. बाबांच्या पेन्शनवर घर चालायचं, ती थांबली. कचेरीत जाऊन विचारलं तेव्हा तिथल्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, बहीण कुटुंबात धरत नाहीत हो." मग माझा चेहरा बघून त्यांनीच सुचवलं, "त्यांचा दिव्यांग दाखला काढलाय का? तो काढा. मग निराधार योजनेत अर्ज करता येईल."

बहीण कुटुंबात धरत नाहीत. हे वाक्य मी घरापर्यंत घेऊन आले. आत्या पडवीत बसून खराट्यासाठी नारळाच्या चुडताचे हीर काढत होती. तिला हे सांगायला आमच्याकडे हात नव्हते, आणि ते बरंच झालं.

आमच्या घरातली हातांची बोली कुणी कुणाला शिकवलेली नव्हती. आत्या वाढली तशी ती वाढली. नाकावरचा चष्मा वर सारल्यासारखं केलं की बाबा. कपाळावर अंगठा टेकवला की आई. माझ्या हनुवटीवर तीळ आहे, म्हणून हनुवटीला बोट लावलं की मी. उपडा तळहात हेलकावला की समुद्र. गालाखाली हात घेऊन डोळे मिटायचे आणि उघडायचे, म्हणजे उद्या. दोनदा मिटले तर परवा. मूठ उघडून तळहातावर फुंकर मारली की ते माणूस गेलं. बाबा गेल्यावर कितीतरी दिवस आत्या मध्येच काम थांबवायची, चष्मा सारायची, फुंकर मारायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुन्हा कामाला लागायची.

सरकारची खूणही आमच्याकडे होती. डाव्या हाताच्या तर्जनीचं नख चोळायचं, मतदानाची शाई लावतात ते. आत्या एकही मतदान चुकवत नसे. तर त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं: चष्मा पैसे द्यायचा. चष्मा, फुंकर. आता हे नख देईल. कागद लागेल. आपण दोघी जाऊ.

ती विचारात पडली. मग तिने नख चोळलं, डोळ्याला बोट लावलं आणि स्वतःच्या छातीवर टेकवलं. ते मला बघतं का?

मी हो म्हटलं. ती उठली आणि केस विंचरायला बसली, जणू आत्ताच निघायचंय.

अर्ज भरायला आम्ही बाजारातल्या सेवा केंद्रात गेलो. संगणकावरची मुलगी एकेक प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायची. "अपंगत्व कधीपासून?" या प्रश्नाला मी अडखळले. आजी सांगायची, दीड वर्षाची असताना मोठा ताप आला. बाबा म्हणायचे, नाही, जन्मतःच. शेजारची म्हातारी काकू सांगायची की झोपाळ्यावरून पडली तेव्हापासून. तिघंही आता नाहीत. जिचं होतं ती माझ्या शेजारी बसून भिंतीवरच्या कॅलेंडरातला धबधबा बघत होती, आणि तिला मी हा प्रश्न विचारू शकत नव्हते. आमच्याकडे ‘आज’ होतं, ‘उद्या’ होतं, पण इतकं मागचं काही नव्हतं.

"जन्मापासून लिही," मी म्हटलं.

"त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर?"

"माझा घाल. तिला फोनचा काय उपयोग?"

मुलीने माझा नंबर घातला. तारीख मिळाली, ती तीन आठवड्यांनंतरची.

त्या दिवशी आम्ही सकाळच्या एस्टीने अलिबागला गेलो. आत्याने जांभळी साडी नेसली होती आणि अंबाड्यात शेवंती माळली होती. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात तपासणीचा तो ठरलेला वार, त्यामुळे लांबलचक व्हरांडा भरून गेला होता. सगळ्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तेच कागद. कुणी कुबड्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. एका बाईच्या मांडीवर तिचा मिसरूड फुटलेला मुलगा डोकं ठेवून पहुडला होता आणि ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. जाळीतून येणारं ऊन फरशीवर हळूहळू सरकत होतं आणि त्याबरोबर माणसंही बाकावर एकेक जागा पुढे सरकत होती. मला वाटलं, आपण सगळे एकाच मोठ्या होडीत बसलोय आणि ती कुठेतरी चाललीय. माझे डोळे जड झाले.

आत्याने माझा दंड इतक्या जोरात धरला की मी दचकले.

समोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक पन्नाशीची, काळा बुरखा घातलेली, चेहरा उघडा. दुसरी तिची मुलगी असावी, पंचविशीची. दोघी हातांनी बोलत होत्या. आमच्यासारखं एकेक खूण करत, थांबत नव्हे. भरभर, वेगाने, बोटं एकमेकांत शिरत होती, भुवया वर जात होत्या, मध्येच दोघींना हसू फुटत होतं. आवाज कसलाच नाही. पंख्याचा तेवढा.

आत्याचं तोंड उघडं पडलं होतं. साठ वर्षांत तिने आमच्या घराबाहेर हातांनी बोलणारं माणूस पाहिलं नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि आधी कसं कळलं नाही याची लाज वाटली. ती उठली, तशीच समोर गेली आणि त्या बाईसमोर उभी राहिली. स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि पंजा हलवला: नाही.

त्या बाईने वर पाहिलं. तिनेही कानाला बोट लावलं. मग बोटं ओठांपाशी नेऊन मिटली. मग बाकावर सरकून आत्याला जागा करून दिली.

पुढचा अर्धा तास मी लांबूनच बघत होते. आत्या आमच्या सगळ्या खुणा तिच्यापुढे ठेवत होती: चष्मा, फुंकर, हनुवटी, समुद्र. एखादं मूल पाहुण्यांना आपली खेळणी दाखवतं तशी. ती बाई लक्ष देऊन बघायची, मग मुलीकडे वळून काहीतरी विचारायची. शेवटी मुलगी माझ्याजवळ आली.

"ताई, तुम्ही यांच्या कोण?"

"भाची."

"आम्ही मुरुडच्या. अम्मी मुंबईला बहिऱ्यांच्या शाळेत होती लहानपणी, तिथे शिकली हे. तिचा दाखला जुना झालाय, नवं कार्ड काढायला आलोय." मग ती जरा हसली. "अम्मी म्हणतेय, यांना छान बोलता येतं. फक्त यांची बोली वेगळी आहे, तिने कुठे पाहिली नाही. ती विचारतेय, ही बोली किती जणांना येते?"

मी मनात मोजलं. आजी, आजोबा, आई, बाबा.

"आता दोघींना," मी म्हणाले. "तिला आणि मला."

मुलीने ते आईला हातांनी सांगितलं. त्या बाईने आत्याचा हात उचलला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. नंतर आमचा नंबर पुकारला गेला तेव्हा आत्या उठायला तयार नव्हती. मुलीने माझा फोन नंबर घेतला, स्वतःचा दिला, तेव्हा कुठे उठली.

कान तपासायची खोली छोटी होती, भिंतींना जाड सच्छिद्र पत्रा, मध्ये काच. आत्याला आत बसवून कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. तपासणाऱ्या तरुण बाई मला म्हणाल्या, "आवाज आला की दाबायचं, एवढं समजवा." आवाजाची आमची खूण म्हणजे मूठ छातीवर आपटणं, फटाके वाजले, ढग गडगडले की ती तसं करायची. मी ते केलं आणि बटण दाखवलं. आत्याने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

मी काचेबाहेर उभी होते. आतमध्ये ती अंबाड्यात शेवंती घालून, डोळे मिटून, पोथी ऐकायला बसल्यासारखी बसली होती. बराच वेळ काही नाही. मग तिचा अंगठा दाबला गेला. दिवा लागला. पुन्हा एकदा. बाईंनी भुवया उंचावल्या.

"यांना थोडं ऐकू येतं का हो?"

"नाही. कधीच नाही."

"जाड आवाजांना दाबतायत, बारीक आवाजांना नाही." त्या कागदावर खुणा करत राहिल्या. वाईट बोलल्या नाहीत काही, पण मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. "असं असलं की आम्हाला नक्की लिहिता येत नाही. बेरा करून घ्यावी लागेल. मेंदूची तपासणी असते, त्यात पेशंटने काही सांगावं लागत नाही. मुंबईला होईल."

बाहेर आल्यावर आत्याने आनंदाने मूठ छातीवर तीनदा आपटली. तिला वाटलं, तिने परीक्षा चांगली दिली. मी तिला चहा-पाव दिला. तिला सांगण्यासारखं होतं तरी काय? की तुझ्या छातीत काहीतरी वाजतं आणि सरकारला ते नको आहे.

दहा-बारा दिवसांनी आम्ही मांडव्याहून लाँचने मुंबईला गेलो. आत्याची ती पहिलीच लाँच. हिवाळ्यातले पांढरे पक्षी मागे मागे येत होते, लोक त्यांना कुरकुरे टाकत होते, धुक्यात किनारा दिसेनासा झाला होता, पुढची मुंबई अजून दिसत नव्हती. आत्या कठड्याच्या लोखंडावर तळहात ठेवून उभी होती. मग तिने माझा हात ओढून तिथे ठेवला. इंजिनाची थरथर हातातून कोपरापर्यंत चढली. तिने दुसऱ्या हाताची मूठ छातीवर आपटली आणि माझ्याकडे पाहिलं: हे. मी त्या खोलीत हे लागलं की दाबत होते.

मी इतकी वर्षं तिच्यासोबत राहिले होते. मागच्या दाराने आले तरी तिला कसं कळतं, नारळ पडला की ती कशी वळते, हे रोज पाहिलं होतं आणि कधी विचार केला नव्हता. धुक्यात, पक्ष्यांच्या कलकलाटात, आम्ही दोघी लोखंडावर हात ठेवून पार गेटवेपर्यंत उभ्या राहिलो.

मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात त्या तपासणीची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. दिवे मंद. पेशंटने झोपायचं असतं, झोप लागली तर उत्तम, असं तिथल्या माणसाने सांगितलं. त्याने आत्याच्या कपाळावर आणि कानांमागे थंड मलम लावून तारा चिकटवल्या. आत्याने मला विचारलं, दुखेल? मी म्हटलं, नाही. गालाखाली हात घे, डोळे मीट. तिने विचारलं, उद्या? मी हसले. आज, आत्ता. ती पहाटे तीनला उठली होती. पाच मिनिटांत झोपली.

मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. खोलीत गार वारा. कानावरच्या यंत्रातून पाझरून टक टक टक असा बारीक आवाज यायचा, पोफळीच्या सुक्या झापांवर दव पडतं तसा. त्याने आवाज वाढवला. आणखी वाढवला. मला तो आता स्टुलावर बसून स्पष्ट ऐकू येत होता आणि आत्याच्या कानात तर घणच पडत असणार. तिचा श्वास एका लयीत चालला होता. ओठ जरासे उघडे. बोटं मात्र अधूनमधून हलत होती. झोपेतही ती काहीतरी सांगत होती, आणि मी त्या मंद प्रकाशात ते वाचायचा प्रयत्न करत होते. एकदा चष्मा सारल्यासारखं वाटलं. एकदा समुद्र. नंतरच्या खुणा मला ओळखू आल्या नाहीत. माझाही डोळा लागला असावा, कारण मला ती घरच्या पाटातून चालताना दिसली, पाणी पायांवरून जात होतं आणि ती कुणाशी तरी दोन्ही हातांनी बोलत होती, आणि तिच्यासमोर मी नव्हते.

"झालं," तो माणूस म्हणाला. पडद्यावर रेघा होत्या, एकाखाली एक, शांत, सरळ. "काहीच नाही जात आत. पूर्ण बंद आहे."

"पण त्या दिवशी तिने बटण दाबलं होतं."

"कंप लागतो त्यांना, ताई. जाड आवाज हाडाला लागतो. पुष्कळ बहिऱ्या पेशंटना लागतो, त्याला ऐकणं म्हणत नाहीत." मग त्याने झोपलेल्या आत्याकडे पाहिलं. "किती गाढ झोपल्यात. राहू देत दहा मिनिटं. पुढचा पेशंट यायला वेळ आहे."

त्याने दिवा लावला नाही. हा माणूस मला पुन्हा कधी भेटला नाही, पण ती दहा मिनिटं मी विसरलेले नाही.

अलिबागला तो कागद दाखवल्यावर पुढचं सरळ झालं. डॉक्टरांनी सही करता करता म्हटलं, "शंभर टक्के." आत्याने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतायत? मी काय सांगणार? बाबा शाळेचा निकाल आणायचे तेव्हा सगळ्या पोरांना पैकीच्या पैकी असले की दोन्ही हातांची दहा बोटं वर करायचे. मी दहा बोटं वर केली. आत्या डॉक्टरांकडे वळली आणि तिने त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टर गोंधळले, उठून उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले.

दाखल्याचं कार्ड टपालाने आलं तेव्हा होळी होऊन गेली होती. त्यावर तिचा फोटो, तिचं नाव. तिने ते दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं आणि दुपारभर वाडीत तसंच फिरली.

तोवर मुरुडला आमच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. अलिबागच्या त्या पहिल्या तपासणीनंतर आत्या रोज सकाळी कानाला बोट लावून, मग ओठांपाशी बोटं मिटून माझ्यासमोर उभी राहायची: ती कुठे आहे? शेवटी मी त्या मुलीला फोन केला. "या ना ताई, अम्मीपण रोज विचारते," ती म्हणाली. साळावचा पूल ओलांडला की रस्ता समुद्राला बिलगून जातो. आत्या खिडकीशी बसायची आणि सुरूच्या झाडांमागून समुद्र दिसायचा, लपायचा, पुन्हा दिसायचा. प्रत्येक वेळी ती तळहात हेलकावून मला सांगायची, जणू मला दिसतच नाहीये.

त्यांचं घर मुरुडच्या बाजारामागे. खाली त्या राहतात, वर पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या. पहिल्या दिवशी त्या दोघींनी आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण वाढलं. आत्या आणि ती बाई मागच्या अंगणात नारळाखाली बसल्या, आणि जेवायलाही उठेनात. बाई एकेक वस्तू दाखवायची, खूण करायची. आत्या तीच खूण करायची, चुकली की बाई तिची बोटं धरून नीट करायची. मी आणि मुलगी दारात उभ्या होतो.

"या वयात येईल का तिला?" मी विचारलं.

"अम्मी म्हणते, हातांना वय नसतं. पण अम्मी काय, काहीही म्हणते," मुलगी हसून म्हणाली.

येत होतं. घरी आल्यावर आत्या भाजी निवडताना, पाट वळवताना मध्येच थांबून त्या नव्या खुणा स्वतःशीच करून बघायची, आपण एखादी चाल गुणगुणतो तशी. मी समोर असले की जुन्या बोलीत यायची. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. इतकी वर्षं तिचं जग माझ्या हातांतून जात होतं. किराणावाला काय म्हणाला, पाहुणे का हसले, टीव्हीवरची बाई का रडते, सगळं मी सांगायची. आता तिच्या हातांत असं काहीतरी येत होतं जे मला वाचता येत नव्हतं. एकदा मी चिडून तिला विचारलं, हे काय चाललंय? तिने माझ्याकडे पाहिलं, हनुवटीला बोट लावलं आणि मग गालाला हात लावला. तू, लाडकी. आणि पुन्हा आपल्या खुणांकडे वळली.

वैशाखातली गोष्ट. वाचनालयातून दुपारी घरी आले तर दाराला कडी. विहिरीवर नाही, पोफळीत नाही, केवड्याच्या बनापलीकडे नाही. खुंटीवरचं कार्ड नाही. आत्या एकटी कधी बाजाराच्या पलीकडे गेली नव्हती. मागून गाडी आली तर? मी धावत नाक्यावर गेले, रिक्षावाल्यांना विचारत सुटले. एकजण म्हणाला, "जांभली साडी ना? मघा मुरुडच्या गाडीत चढली की. कार्ड दाखवलान कंडक्टरला, मी बगितलं." मी तिथेच कट्ट्यावर बसले. इतक्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आत्या, घामाघूम, मोठ्ठं हसू, गळ्यात कार्ड. मागे ती मुलगी ओरडत होती, "ताई, पोचल्या! एकट्या आल्या! काळजी करू नका!" आत्याने नख चोळलं, डोळ्याला बोट लावलं, मग कार्ड फोनपुढे धरलं. सरकार मला बघतं, आता भीती कसली, असं काहीतरी. मी तिथेच बसून रडले आणि तिला दिसू नये म्हणून फोन आकाशाकडे वळवला.

निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत गेला होता. तलाठीभाऊ चौकशीला आले तेव्हा पडवीत बसून त्यांनी विचारलं, "यांना कोणाचा आधार?" नियमाचा प्रश्न. मी म्हटलं, "माझा आहे, पण माझाच काय भरवसा." त्यांनी लिहिलं काय ते मला माहीत नाही. आत्याने त्यांना शहाळं दिलं, आणि कुणी न सांगताच आपली सही करून दाखवली. सही म्हणजे चित्रच. बाबांनी तिला नाव काढायला शिकवलं होतं, ती ते रांगोळीसारखं काढते. एक कागद कमी म्हणून एकदा परत गेलो, समितीची बैठक पुढे ढकलली म्हणून पुन्हा एकदा. भाताची लावणी झाली, गणपती येऊन गेले. नवरात्रात फोनवर निरोप आला की मंजूर.

पहिले पैसे बँकेत जमा झाल्यावर मी तिला विचारलं, काय घ्यायचं? मला वाटलं साडी म्हणेल. तिने तळहात चेहऱ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने त्याच्याशी बोलायला लागली. फोन. आम्ही जरा भर घालून घेतला. आता रोज संध्याकाळी ती तो पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा करते आणि तासभर मुरुडशी बोलते. घरात चिडीचूप. मी पुस्तक घेऊन बाजूला बसते. मधूनच तिचे हात थांबतात, खांदे हलायला लागतात; हसतेय. कशाला, ते मला कळत नाही. त्या मुलीकडून मीही शिकतेय, पण माझी बोटं जड आहेत.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी मिळून मुरुडला गेलो होतो. निघताना दोघी मैत्रिणी किनाऱ्यालगतच्या रस्त्याने स्टँडकडे चालत आल्या, बोलत बोलत, मी आणि मुलगी मागून. दिवस कलला होता. गाडी लागलेली, माणसं चढत होती, आणि त्यांचं काही संपेना. अंधारायला लागलं तसे त्यांचे हात एकमेकींच्या चेहऱ्याजवळ येत गेले. दिसत नव्हतं. एकीने दुसरीचा हात धरून खूण हाताने चाचपली, मग दोघीही थांबल्या, काय करावं न कळून.

कंडक्टरने दारातून हाक मारली, "ओ ताई, चला, टाइम झाला."

"दोन मिनिटं दादा," मी म्हटलं. "बोलणं राहिलंय त्यांचं."

त्याने वाकून पाहिलं. त्या दोघी गाडीच्या पुढ्यात उभ्या होत्या. मग तो आत वळून ड्रायव्हरला म्हणाला, "लाइट लाव रे जरा, त्यांना दिसत न्हाय."

गाडीचे मोठे दिवे लागले. दोघींनी एकदम डोळ्यांवर हात घेतले, हसल्या, आणि त्या पिवळ्या उजेडात पुन्हा बोलायला लागल्या. मी पिशवी घेऊन गाडीत चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. आत सगळे प्रवासी समोरच्या काचेतून बघत होते.